सहाव्यांदा अडकलेला कागद

१

कोऱ्या कागदांची रीम चाळताना फणसळकरांचं बोट एका जागी कागदाला चिकटलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की गेले आठ महिने आपण उगाचच मशीनला दोष देत होतो.

साल एकोणीसशे एकसष्ट, चैत्राचे दिवस. शहापूरच्या बाजारपेठेमागे एका कौलारू घरात डोंगरी शिक्षण मंडळाची कचेरी होती. डोळखांबकडच्या पाड्यांवर मंडळाच्या बारा शाळा चालत, आणि त्या शाळांची परिपत्रकं, पाठ्यक्रम, परीक्षेचे प्रश्न सगळं या कचेरीतल्या सायक्लोस्टाईल मशीनवर निघे. मेणकागदाची स्टेन्सिल टाइप करायची, ती शाईच्या पिंपाला गुंडाळायची, आणि हँडल फिरवलं की एकेक कागद आत जाऊन छापून बाहेर पडायचा. पडायचा म्हणजे पडायला हवा. श्रावणापासून या मशीनला खोड लागली होती. मधेच कागदांचा गठ्ठाच्या गठ्ठा आत ओढला जायचा, चोळामोळा होऊन पिंपाखाली रुतायचा, आणि मग कल्याणहून मिस्त्री येईपर्यंत सगळं काम ठप्प.

त्या दिवशी चौथीच्या गणिताचे प्रश्न छापताना सत्तराव्या कागदानंतर तेच झालं. पण या वेळी परीक्षेचे कागद होते, म्हणून मंडळाचे कार्यवाह फणसळकर यांनी उरलेली रीम फेकू दिली नाही. आपल्या हाताने एकेक कागद सुटा करून पाहिला. वरच्या पंधरावीस कागदांच्या पुढच्या कडा एकमेकांना चिकटल्या होत्या. बोटभर रुंद, सरळ रेघ. नाकाशी नेली तर मोहाचा वास.

त्यांनी टोपलीतले खराब कागद मोजायला लावले. मशीनने खाल्लेले कागद होते एकोणीस, टोपलीत निघाले तेरा. सहा कागद, चौथीचं अख्खं गणित छापलेले, कचेरीतून नाहीसे झाले होते.

२

तांबट मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आसनगावला उतरला आणि टांग्याने शहापुरात आला. पन्नाशीचा, बुटका, शांत माणूस. घराणं भांडी घडवणाऱ्यांचं, पण बापाच्या मागे हा टाइपरायटर आणि सायक्लोस्टाईल दुरुस्त करायला शिकला आणि ठाणे जिल्हाभर फिरू लागला. बोलणं कमी. यंत्राजवळ बसून राहायचं, हात लावायचा, पुन्हा बसून राहायचं, ही त्याची रीत. लोकांना वाटे हा पेंगतो आहे. कधीकधी तो खरोखरच पेंगत असे.

टांग्यातून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोह फुलून गळत होता. फुलांचा तो जड, गोड वास उन्हात असा साचून राहिला होता की टांग्याचा घोडाही झोपेत चालल्यासारखा पावलं टाकत होता. तांबटाला शहापूरला आलं की नेहमीच असं व्हायचं. इथे दुपार लवकर सुरू होते आणि संपायचं नाव घेत नाही, असं तो बायकोला सांगत असे.

फणसळकरांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. सगळे त्यांना तात्या म्हणत. साठीचे, उंच, करारी गृहस्थ. कचेरीच्या एकुलत्या एका कपाटाची किल्ली ते जानव्याला बांधून ठेवत.

"मिस्त्री, पाच वेळा तुम्ही आलात आणि पाचही वेळा मशीन ठीक करून गेलात," ते म्हणाले. "आता मला मशीन ठीक करून नको. हे कोण करतंय ते सांगा. मंगळूच्या अंगाला मोहाचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाच वाजेपर्यंत दुसरं नाव मिळालं नाही, तर मंगळूला आजच घरी पाठवणार."

मंगळू हा कचेरीचा शिपाई. मशीनचं हँडल तोच फिरवायचा.

तात्यांनी जानव्याची किल्ली सोडून कपाट उघडलं. मशीनची हत्यारं, जास्तीचे रबरी रूळ, शाईच्या नळ्या, कोऱ्या स्टेन्सिली, सगळा महागाचा माल त्यातच असे. सगळ्यात खालच्या खणात लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. तांबटाने ते दर खेपेला पाहिलं होतं. त्यात दातार मास्तरांच्या वह्या होत्या. मंडळाचे जुने मास्तर. पाड्यापाड्यांवर हिंडून त्यांनी लोकांची गाणी उतरवून घेतली होती. मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले. वह्या सोमवारी पुण्याच्या विद्वानांकडे जायच्या होत्या, असं तात्या जाता जाता म्हणाले.

तांबटाने मशीन नेहमीसारखं पडवीत उजेडाला नेलं. तासभर सगळं उकललं. रूळ स्वच्छ, खिळा न् खिळा जागेवर. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

३

मग तो एकेकाशी बोलला. कामातून डोकं वर न काढता, हातात फडकं घेऊन.

पहिले आले कारकून शेरे. बारीक अंगाचे, टापटिपीचे, प्रत्येक कागदाचा हिशेब ठेवणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. मंगळू चोरून दारू पितो, आणि पिणाऱ्याला कोणीही दोन घोट पाजून परीक्षेचे कागद मागू शकतं. कागद अडकवायचे, खराब झाले म्हणून बाजूला टाकायचे आणि त्यातले चार खिशात घालायचे. आता सहा पानं बाहेर गेली आहेत. बारा शाळांतली मुलं पास झाली तरी त्या पासाला काय किंमत, असं त्यांनी विचारलं. तांबटाने मान हलवली. पण एक गोष्ट त्याला टोचली. श्रावणापासून फाल्गुनापर्यंत छापली ती परिपत्रकं होती. सुट्ट्यांची यादी कोण चोरणार?

टायपिस्ट कमळ तारमळे बावीसएक वर्षांची, आपल्या कामाचा अभिमान असलेली मुलगी. तिने सांगितलं की रीमचा पुडा आदल्या संध्याकाळी शेरे फोडतात आणि कागद मशीनशेजारच्या फळीवर ठेवतात. सकाळी ती येते तेव्हा कचेरी झाडून झालेली असते. कागद अडकला की तिला दरवेळी नवी स्टेन्सिल टाइप करावी लागते, म्हणून तिला या प्रकाराचा जेवढा राग आहे तेवढा कोणालाच नसेल, असंही ती म्हणाली. आणि तो राग खोटा वाटला नाही.

मंगळू मात्र बोलायलाच तयार नव्हता. डोळखांबच्या वरच्या अंगाला ठाकरांचा पाडा आहे, तिथला तो. केस पिकलेले, पाठ ताठ. तांबटाने त्याला तीनदा तीन तऱ्हांनी विचारलं. तो पडवीच्या खांबाकडे बघत उभा राहिला.

"मी नाय केला," शेवटी तो म्हणाला. "पन मला काढायचा तर काढा. मी कोनाचा नाव घ्यायचा नाय."

म्हणजे घेण्यासारखं नाव त्याच्यापाशी होतं.

तांबटाने चिकटलेला एक कागद उजेडात धरला. करंगळी ओली करून त्या रेघेवरून फिरवली आणि जिभेला लावली. गोड लागली. मोहाची दारू कागदावर सांडली असती तर घटकेत उडून गेली असती. ती चिकटत नाही आणि गोडही लागत नाही. हा बाटलीतला मोह नव्हता. कोणीतरी मोहाची फुलं भिजवून, चुरून, त्यांचा रस बोटाने कडेला लावला होता, आणि तोसुद्धा सत्तर कागद सोडून. छपाई निम्म्यावर आली की कागद अडकावा म्हणून. पिणाऱ्याचा हात असा सरळ चालत नाही.

मंगळू सुटला. पण रेघ ओढणारं बोट कोणाचं, ते अजून बाकी होतं.

४

जेवायची वेळ झाली. तात्या नेहमीप्रमाणे घरी गेले. जेवून तासभर आडवं पडल्याशिवाय ते परतत नसत. शेरे पोस्टात गेले, कमळ मावशीकडे. मंगळू समोरच्या आंब्याखाली जाऊन बसला. कचेरीत राही तेवढी राहिली. पाणी भरणारी, झाडलोट करणारी बाई. मंगळूच्या बहिणीची मुलगी. तिशीची असेल. ती मागच्या दाराशी मडकी घासत होती.

तांबटाने सुटे भाग रॉकेलमध्ये बुडवून उन्हात वाळत ठेवले, भाकरी खाल्ली आणि खांबाला पाठ टेकली. समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लांब माहुलीचा डोंगर उन्हाच्या झळांत असा हलत होता की जणू पाण्याखाली आहे. मोहाचा वास पडवीत येऊन बसला. डोळे मिटले.

आणि थोड्या वेळाने तो दचकून जागा झाला. कशाने, ते त्याला आधी उमगेना. कोणी हाक मारली नव्हती, काही पडलं नव्हतं. मग कळलं. आज गाणं आलं नव्हतं.

या पडवीत तो पेंगला की त्याला स्वप्न पडायचं, आणि त्या स्वप्नात लांबून कुणी बाई गात असायची. शब्द नीट कळत नसत. लग्नाचं गाणं आहे एवढं कळायचं. बायकोला त्याने हे सांगितलं होतं, ती हसली होती. आज तो झोपला, तोच खांब, तीच दुपार, तोच वास. पण गाणं नाही.

त्याने खिशातली छोटी वही काढली. प्रत्येक कामाची एक ओळ तो तीत लिहीत असे. श्रावण: शहापूर, रबरी रूळ झिजला, बदलला. आश्विन: दोष सापडला नाही. मार्गशीर्ष: दोष सापडला नाही, हवा दमट असावी. पौष: दोष नाही. फाल्गुन: दोष नाही.

श्रावणात मशीन खरंच बिघडलं होतं. आणि श्रावणात गाणंही ऐकलं नव्हतं, हे त्याला पक्कं आठवलं, कारण त्या दिवशी पावसाच्या आवाजात त्याला झोपच लागली नव्हती. गाणं सुरू झालं आश्विनात. तेव्हा कोणी हळद दळत होतं. मार्गशीर्षात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला जात होता. पौषात बायका पाण्याला निघाल्या होत्या. आणि फाल्गुनात नवरीला नेसवत होते, तेवढ्यात तात्या लवकर परतले आणि त्यांच्या वहाणांच्या आवाजाने तो जागा झाला होता.

तांबट वही मिटून बसला. स्वप्नाचं एक असतं. ते पडतं तेव्हा कुठूनही सुरू होतं आणि कुठेही जातं. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन, मागच्या खेपेला जिथे सोडलं तिथून पुढे सरकणारं स्वप्न त्याने आजवर पाहिलं नव्हतं. हे लग्न क्रमाने पुढे चाललं होतं. म्हणजे ते त्याच्या झोपेत नव्हतं. ते भिंतीपलीकडे होतं, कपाटाच्या खोलीत.

मशीन अडकलं की मिस्त्री येतो. मिस्त्री आला की कपाट उघडतं. मिस्त्री मशीन घेऊन पडवीत जातो, तात्या जेवायला जातात, आणि ते कपाट दुपारभर उघडं राहतं.

छपाई थांबवायची कोणालाच नव्हती. कपाट उघडायला हवं होतं.

तो उठून मागच्या दाराशी गेला आणि राहीकडे प्यायला पाणी मागितलं. तिने तांब्याने त्याच्या ओंजळीत धार धरली. तो दोन घोट प्यायला आणि हलकेच म्हणाला, "राहीबाई, हळद झाली, मांडव झाला, पाणी आणलं, नवरीला नेसवलं. पुढे काय होतं?"

तांब्या तसाच कलता राहिला, त्याची ओंजळ भरून पाणी त्याच्या पायांवर सांडत राहिलं, आणि ते थांबवायचं तिला सुचलं नाही.

५

मग ती दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. रडली नाही. बरेच दिवस उचललेलं ओझं खाली ठेवावं तसं एकेक सांगत गेली.

तिची आई लहानी ही पाड्याची धवलारीण होती. ठाकरांच्या लग्नात हळदीपासून नवरी सासरच्या घरात शिरेपर्यंत सगळं धवलारणीच्या गाण्याने होतं. ती गाते तेव्हा हळद लागते, ती गाते तेव्हा मांडव उभा राहतो. लहानीचा धवला, म्हणजे लग्नाचं ते अख्खं गाणं, पंचक्रोशीत सगळ्यात लांब होता.

"आय मेली तवा मी भिवंडीकडं गवत कापाया गेलेली," राही म्हणाली. "तीन दिसांनी निरोप आला. तिचा धवला मी शिकलीच नाय, मिस्त्रीदादा. वाटायचा, आय हाय ना, आज नाय तर उद्या शिकू."

पण मास्तरांनी तो लिहून घेतलेला होता. तीन पावसाळे ते लहानीच्या ओटीवर बसले होते. राहीला अक्षरंही त्यांनीच शिकवली, याच कचेरीच्या पडवीत, संध्याकाळच्या साक्षरतेच्या वर्गात. श्रावणात मशीन बिघडलं, कपाट उघडं राहिलं आणि झाडताना तिला लाल कापड दिसलं. वरच्याच वहीवर आईचं नाव होतं. तिने ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं. पुढे धीर करून तिने तात्यांना विचारलं, मला ती वही बघायला मिळेल का. तात्या काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की ते संशोधनाचं काम आहे, त्याला हात लावायचा नाही.

मंगळूच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. धवला नसेल तर ते कसलं लग्न?

घरात वर्षभर सुकवलेला मोह असतोच. तिने तो भिजवला. सकाळी झाडायला आली की फळीवरच्या कागदांना बोट लावायची. खराब झालेल्या कागदांची मागची बाजू कोरी असे. त्यावर पेन्सिलीने उतरवून घ्यायची. नवं वाचायला शिकलेल्या माणसाला मनात वाचता येत नाही. ती ओठांनी वाचायची, आणि ओठांवर आलेले शब्द आईच्या चालीतच यायचे. मंगळूने एकदा बाहेरून ते ऐकलं होतं. तेव्हापासून तो गप्प होता.

आज कपाट उघडं होतं, पण मंगळूवर आळ आलेला ऐकून तिचा हात वहीला लागला नाही. पाच वाजता तात्यांपुढे उभं राहून सगळं कबूल करायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"आणि ते सहा कागद?" तांबटाने विचारलं.

तिने मडक्याच्या बैठकीखालून घडी केलेले सहा कागद काढून दिले. मागची बाजू कोरी होती.

"या आधीचे कुठे आहेत?"

"चुलीत घातले," ती म्हणाली. "पाठ झाला की कागद ठेवायचा नाय. धवला तोंडात ऱ्हातो."

तांबट त्या सहा कागदांकडे बघत राहिला. लिहिलेला एक जरी तुकडा तिने जपला असता तर तिच्या बाजूने पुरावा झाला असता. आता होतं ते फक्त परीक्षेचं चोरलेलं गणित, तिच्याच जागेत सापडलेलं. आणि पडवीत तात्यांच्या वहाणा वाजल्या.

६

शेरे आणि कमळ परतल्यावर तांबटाने सगळं सांगितलं. मोहाचा रस, त्याच्या वहीतल्या ओळी, कपाट, गाणं. तो एका दमात एवढं बोलला, हे पाहूनच कमळ त्याच्याकडे बघत राहिली. राही दारात उभी होती, मंगळू तिच्या मागे.

शेऱ्यांनी कागद मोजले. तेरा आणि सहा, एकोणीस. पण त्यांचं समाधान झालं नाही. गणिताची पानं रात्रभर या बाईपाशी होती. गाण्याची गोष्ट ऐकायला गोड आहे. पण उतरवलेलं एकही पान नाही, आणि मिस्त्रीने ऐकलं तेसुद्धा झोपेत. आईचं गाणं मुलीला आधीपासूनच येत नव्हतं कशावरून? शेरे दुष्ट नव्हते. बारा शाळांच्या परीक्षेची त्यांना खरीच काळजी होती.

तात्या कपाटाकडे गेले आणि लाल गाठोडं सोडून चार वह्या टेबलावर ठेवल्या. पहिली उघडली.

"म्हण," ते राहीला म्हणाले.

राहीने पदर खांद्यावरून घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज लहान होता, जरासा घोगरा. तांबटाच्या अंगावर काटा आला, कारण झोपेत ऐकलेला आवाज जागेपणी तसाच्या तसा ऐकण्याचा योग माणसाला येत नाही. हळद डोंगरावरून उतरली. जात्याला पाच जणींचे हात लागले. तात्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं, पान उलटत होतं. जांभूळ मांडवाच्या दारी वाकली. बाहेर उन्हं कलायला लागली होती, रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, आणि तिच्या चाकांचा आवाजही त्या गाण्यातलाच वाटला.

मांडवाच्या गाण्यात एका जागी शेऱ्यांनी हात वर केला. ते तात्यांच्या खांद्यावरून वाचत होते. मांडवाच्या पाचव्या खांबाबद्दल राही दोन ओळी म्हणाली, त्या वहीत नव्हत्या. ती थांबली. तात्यांनी पान निरखलं. मग ते पान उलटून त्यांनी मागे पाहिलं. तिथे मास्तरांनी पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, राहून गेलेल्या दोन ओळी नंतर लिहिल्या होत्या. वही ज्याने पानापानाने पाहिली नसेल त्याला त्यांचा पत्ता लागला नसता. शेऱ्यांनी हात खाली घेतला.

पाणी आलं. तिसऱ्या वहीच्या शेवटाशी नवरीला नेसवायला घेतलं, पदराचा काठ सरळ केला, आणि अर्ध्या ओळीवर राहीचा आवाज तुटला.

"पुढे?" तात्या म्हणाले.

"पुढचा नाय येत," राही म्हणाली. "तुमी त्या दिशी लवकर आलेलात."

फाल्गुनातल्या त्या दिवशी मुलाची तार आली म्हणून तात्या जेवणावरून उठून परत आले होते. त्यांना ते आठवलं. त्यांनी वहीत पाहिलं. त्या अर्ध्या ओळीखाली एक पुसट, चिकट ठसा होता, आणि त्यानंतरच्या पानांना कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं. आधीपासून येणारं गाणं माणूस असं अर्ध्या ओळीवर, नेमक्या त्याच शब्दाशी विसरत नाही. शेऱ्यांनी मोजलेले कागद सारखे करून बाजूला ठेवले.

तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर गेले त्या दिवशी मला म्हणाले, या सांभाळा," ते म्हणाले. "मी कुलूप लावलं. मला दुसरं काही सुचलं नाही."

मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला, वही जवळ ओढली आणि ती अर्धी राहिलेली ओळ वाचली. चाल नव्हती, उच्चार पुस्तकी होते, एक शब्द तर चुकलाच. राहीने तो शब्द सुधारून ओळ गळ्यातून घेतली. तात्यांनी पुढची वाचली.

तांबटाची पाचची बस निघून गेली. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

७

तात्या करारी होते ते होतेच. चौथीचे गणिताचे प्रश्न त्यांनी बदलले, कमळने त्याच संध्याकाळी नवी स्टेन्सिल टाइप केली, आणि मंगळूने हँडल फिरवून सगळे कागद एका दमात काढले. परीक्षा होईपर्यंत राहीने मशीनच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. वह्यांचा मात्र सोमवार टळला. तात्यांनी पुण्याला पत्र लिहिलं की त्या अद्याप वाचून व्हायच्या आहेत. राही रोज दुपारी त्यांच्या टेबलासमोर भुईवर बसे, आणि जेवणानंतरचं आडवं पडणं सोडून तात्या तिला ओळी सांगत. छापून शंभर प्रती काढू, असं ते एकदा म्हणाले. राही म्हणाली, नको. हे एका तोंडातून एका कानात जातं. तात्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मशीन त्यानंतर अडकलं नाही, त्यामुळे तांबटाला शहापूरहून बोलावणं यायचं कारण उरलं नाही. वैशाखात मंगळूचा निरोप आला तेव्हा त्याने दोन दिवसांची कामं पुढे ढकलली. हत्यारांची पेटी घरी ठेवून तो निघाला. बायको म्हणाली, काय बिघडलंय? तो म्हणाला, काही नाही, शेवट ऐकायचा राहिलाय.

डोळखांबला बस सोडून तो डोंगरवाटेने पाड्यावर पोचला तेव्हा सकाळची उन्हं मांडवात उतरली होती. जांभळीची पानं अजून ओली होती. तात्या एका घोंगडीवर पाय दुमडून बसले होते, शेरे त्यांच्या शेजारी. राही नवरीजवळ बसून गात होती आणि पाड्यावरच्या म्हाताऱ्या तिच्यामागे रांगेने बसल्या होत्या. त्या सगळ्यांनी तिला वर्षभर सांगितलं होतं की आमी इसरलू, लहानीबरोबर गेला तो.

नवरीला नेसवून झालं. ती दाराकडे निघाली. राहीने पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला, आणि तिच्या तोंडून शब्द निघायच्या आत ती ओळ तिच्या मागून आली. बाईजा नावाची एक आंधळी म्हातारी गात होती. मग तिच्या शेजारची, मग तिसरी. त्यांनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. राहीने तोंड मिटलं आणि मागे वळून न बघता, हात मांडीवर ठेवून, ती नुसती ऐकत बसली.